पॅकिंग की ट्यूब?

नवं बोअर-किट, नवी बेअरिंग, नवी क्लच प्लेट, घासूनपुसून लख्ख केलेलं चेंबर. इंजिन बांधून होतं, बोल्ट आवळले जातात, आणि किक मारायला जावं तर क्रँक फिरायला तयार नाही. फिरली तरी अडत अडत. पहिला गिअर पडतो, दुसऱ्याला पायाला जोर लागतो. आता हे इंजिन पुन्हा उघडायचं म्हणजे मेस्त्रींचा दिवस गेला आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही. उघडल्यावर भाग सगळे बरोबर असतात, बेअरिंगही नीट बसलेली असतात. चुकलेलं असतं ते एवढंच, की चेंबरच्या दोन अर्ध्यांमध्ये कंपनीनं कागदी पॅकिंग दिलेलं होतं. ते फाटलं म्हणून किंवा दुकानात मिळालं नाही म्हणून गाळलं गेलं आणि त्याच्या जागी ट्यूबमधला सिलिकॉन पिळला गेला.

ते पॅकिंग तेल अडवतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते दोन अर्ध्यांमधलं अंतरही ठरवतं, हे विसरलं जातं. आपल्याकडे १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ साली आलेली स्प्लेंडर यांचं इंजिन एकाच घराण्यातलं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, क्षमता ९७.२ सीसी. त्याचं चेंबर उभं दुभंगतं : एक मॅग्नेट साइड, एक क्लच साइड. क्रँक आणि गिअरचे शाफ्ट या दोन भिंतींच्या मधे अडकवलेले असतात. शाफ्टला आडवं सरकायला मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी मोकळीक हवी असते, आणि ती मोकळीक ठरवताना आराखडा काढणाऱ्यानं दाबलेल्या कागदाची जाडी हिशेबात धरलेली असते. कागद काढला की दोन्ही भिंती तेवढ्यानं जवळ येतात. सिलिकॉनचा थर बोल्ट आवळल्यावर जवळजवळ संपूर्ण बाहेर फेकला जातो. तेल अडेल कदाचित. पण हरवलेलं अंतर त्यातून परत मिळत नाही.

याच्या बरोबर उलट प्रकार यामाहा आरएक्स १०० मध्ये होतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही ९८ सीसीची टूस्ट्रोक गाडी आज पुन्हा घराघरांतून बाहेर निघते आहे, आणि तिची इंजिनं पुन्हा बांधली जात आहेत. तिच्या चेंबरच्या दोन अर्ध्यांमध्ये यामाहानं कागद दिलेलाच नाही. तिथे धातूवर धातू बसतो, मध्ये फक्त लिक्विड गॅस्केटचा पातळ थर. 'जास्त खात्रीचं' म्हणून कुणी तिथे पॅकिंग पेपर कापून बसवला तर शाफ्टची मोकळीक वाढते, आणि अंतर राखायला आत ज्या शिम असतील त्यांचा हिशेब कोसळतो. एका गाडीत कागद काढणं चूक, दुसरीत घालणं चूक. म्हणून 'कागद चांगला की ट्यूब चांगली' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. इंजिनाला एक उत्तर नसतं, प्रत्येक सांध्याला त्याचं स्वतःचं असतं, आणि ते बरंचसं त्या सांध्यावरच लिहिलेलं असतं. ते वाचायला मात्र वेळ द्यावा लागतो.

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभं राहिलं, की या कामाची भाषा कानावर पडते. गॅस्केट हा शब्द बिलावर. बोलण्यात सगळं 'पॅकिंग'. हेड पॅकिंग, ब्लॉक पॅकिंग, क्लच कव्हर पॅकिंग, सायलेन्सर पॅकिंग. नुसतं हेड-ब्लॉकचं काम असेल तर 'हाफ इंजिन', चेंबर फोडायचं असेल तर 'फुल इंजिन', आणि त्यासाठी 'फुल पॅकिंग सेट'. ट्यूबलाही नाव आहे. चेन्नईच्या कंपनीचा ॲनाबॉन्ड आपल्याकडच्या गॅरेजांत इतका रुळला, की दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा सिलिकॉन मागतानाही तेच नाव घेतलं जातं.

आता मुळात सांधा का गळतो? दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना आरसा वाटले तरी ते तसे नसतात. यंत्रावर कापताना पडलेल्या बारीक रेघा असतात, त्यांच्यातून तेलाला वाट मिळते. शिवाय पृष्ठभाग सपाट असेलच असं नाही. ॲल्युमिनियमचं कव्हर पातळ असतं. वर्षानुवर्षं कुणी मधला बोल्ट आधी आवळला असेल, तर कडा वर येतात. त्यात बोल्टची पकड सगळीकडे सारखी नसते. बोल्टखाली दाब जास्त, दोन बोल्टच्या मध्यावर कमी. गळती जवळजवळ नेहमी या मध्यावरच सुरू होते, ओल्या डागाची जागा पाहून ते कळतं.

यात उष्णतेची भर पडते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. शंभर मिलिमीटर रुंदीचा ॲल्युमिनियमचा भाग ८० अंशांनी तापला, की सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढतो. बिडाचा तेवढाच भाग ०.०९. बुलेटच्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनात बिडाचा ब्लॉक ॲल्युमिनियमच्या चेंबरवर बसतो. म्हणजे गाडी तापली की ब्लॉकखालच्या सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग दर वेळी एकमेकांवर घासत सरकतात, थंड झाली की परत येतात. अशा जागी कडक वाळणारा पदार्थ तडकतो. तिथे सरकणं सोसणारं काहीतरी लागतं, आणि कागद ते सोसतो. बेस पॅकिंग कागदाचं असण्यामागे एवढं साधं कारण आहे.

कागदाची जाडी हा मात्र नाजूक विषय. एका स्प्लेंडरचं उदाहरण घेऊन आकडेमोड करून पाहू. कॉम्प्रेशन रेशो ९:१ धरला, तर पिस्टन वर असताना हेडमध्ये उरलेली जागा सुमारे १२.१५ सीसी. ब्लॉकखाली नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड पॅकिंग घातलं, तर ५० मिलिमीटर बोअरच्या हिशेबानं त्या जागेत ०.९८ सीसीची भर पडते. रेशो ९ वरून ८.४ वर येतो. गाडी चालते, पण चढावर दम लागतो, ॲव्हरेज पडतं, आणि दोष कार्बोरेटरला दिला जातो. उलट पॅकिंग काढून नुसता सिलिकॉन लावला, तर रेशो चढतो, पिस्टन हेडच्या जवळ जातो, टायमिंग चेन किंचित ढिली पडते. टूस्ट्रोकमध्ये तर याहून पुढचं होतं. तिथे हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. ब्लॉकच्या भिंतीतले पोर्टच किती उंचीवर आहेत यावर सगळं वेळापत्रक चालतं. आरएक्सचा ब्लॉक अर्धा मिलिमीटर उचलला, की पोर्ट उघडे राहण्याचा काळ क्रँकच्या फिरण्यात दोन-अडीच अंशांनी वाढतो. रेसवाले हे जाणूनबुजून करतात, वेगवेगळ्या जाडीची पॅकिंग लावून पाहतात. दूध घालायला निघालेल्या गाडीवर ते नकळत झालेलं असतं.

हातानं पॅकिंग कापण्याची आपल्याकडची रीत पाहण्यासारखी आहे. कव्हरच्या काठावर पॅकिंग पेपर ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे. धातूची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक ठोका, की भोक स्वच्छ पडतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जिथे लेथ आणि फाउंड्रीच्या आवाजात पिढ्या वाढल्या, अशा कामाचा हात अजून पाहायला मिळतो. कारखान्याचं पॅकिंग मिळत नाही अशा जुन्या गाड्या या हातांमुळेच रस्त्यावर आहेत, आणि मला या कौशल्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्याला दोन अटी आहेत. ठोका जोरात पडला, तर ॲल्युमिनियमची कड दबते आणि तीच पुढे गळते. आणि कापायच्या आधी मूळ पॅकिंगची जाडी मोजायला हवी. 'पेपर दाखव' म्हटल्यावर दुकानदार जो हाताला लागेल तो देतो.

तेलाच्या वाटेचं भोक ही तिसरी गोष्ट, आणि ती चुकली तर इंजिन जातं. स्प्लेंडरच्या घराण्यात कॅमकडे जाणारं तेल ब्लॉकमधल्या स्टडच्या भोकातल्या फटीतून वर चढतं. म्हणून तर हेडच्या डोमनटखाली तांब्याचे वॉशर असतात. घरी कापलेल्या बेस पॅकिंगमध्ये ही वाट राहून गेली, किंवा सिलिकॉननं ती बुजली, तर खालून सगळं कोरडंठाक दिसतं, एक थेंब गळत नाही. वर कॅम आणि रॉकर तेलाविना चालत राहतात. आधी टकटक येते, मग कॅमच्या जागेला चरे पडतात. न गळणारं इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, असा समज गिऱ्हाइकांत आहे. ही एक गोष्ट तो समज मोडायला पुरेशी आहे.

*

ट्यूब आणि बाटल्यांकडे वळू. त्यांची घराणी वेगळी आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. गॅरेजच्या फळीवर मात्र ती शेजारी शेजारी बसलेली असतात.

सगळ्यात जुनं घराणं शेलॅकचं, आणि ते आपल्या मातीतलं आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख होते. झारखंड आणि छत्तीसगड ही तिची मोठी ठिकाणं. आपल्या पूर्व विदर्भातही ती होते. रांचीजवळ नामकुम इथे १९२४ साली तिच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली, कारण तेव्हा हा भारताचा मोठा निर्यातीचा माल होता. बालगंधर्वांची पदं ज्या तबकड्यांवर घरोघरी पोचली, त्या तबकड्यांत हीच लाख होती. स्पिरिटमध्ये विरघळवलेली हीच लाख तपकिरी घट्ट द्रव होऊन बाटलीतून गॅरेजमध्ये आली. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ब्रशनं पातळ थर द्यायचा, जरा चिकट होऊ द्यायचा, मग बसवायचं. स्पिरिट उडून जातं, राळ उरते आणि कागदाचे सूक्ष्म खळगे भरते. स्वस्त, साठवायला सोपी, आणि तेलाला दाद देत नाही.

तिचे दोष दोन. ती कडक होते, म्हणून सरकत्या सांध्यावर तडकते; आणि पुढच्या वेळी पॅकिंग उकलताना कागद धातूला धरून बसतो. तो काढायला चिझल किंवा ब्लेड घेतलं, की चरे पडतात आणि पुढच्या गळतीची सोय होते. जुने मेस्त्री म्हणून कागदाला नुसतं ग्रीस चोळतात : पॅकिंग जागेवर राहतं, आणि पुढे उघडताना सोलून निघतं. जिथे पृष्ठभाग चांगला आहे तिथे हा मार्ग मला सर्वांत शहाणा वाटतो.

शेलॅकबद्दल आजच्या काळातली एक चिंता मात्र मांडायला हवी. लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळते. वाळलेला शेलॅक पुसायलाही स्पिरिटच वापरतात. आपल्या पंपांवर २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. आपल्या महाराष्ट्रात तर ते उसाच्या शेतातून येतं. फोरस्ट्रोकच्या क्लच कव्हरला पेट्रोल शिवत नाही, तिथे शेलॅक चालेल. टूस्ट्रोकचं चेंबर मात्र पेट्रोल आणि ऑइलच्या धुक्यानं सतत भरलेलं असतं. तिथे आणि कार्बोरेटरच्या पॅकिंगवर मी तरी आता शेलॅक लावू देणार नाही.

दुसरं घराणं सिलिकॉनचं, म्हणजे लाल, काळी, करडी ट्यूब. ती हवेतल्या ओलाव्यानं वाळते, म्हणून पावसाळ्यात लवकर आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सावकाश. काही प्रकारांना वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो ॲसेटिक ॲसिडचा, आणि ते तांबं-लोखंडाला गंज चढवतं. इंजिनासाठी बिनवासाचा, वेगळ्या रसायनानं वाळणारा प्रकार घ्यावा. वरची साय दहा-पंधरा मिनिटांत धरते, पण आतपर्यंत वाळायला चोवीस तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी पाचला लावून सहाला तेल ओतलेली इंजिनं किती असतील! सिलिकॉनचा मोठा गुण त्याची लवचीकता : किंचित वाकलेलं पत्र्याचं कव्हर, दोन भाग भेटतात तो कोपरा, रबरी ग्रोमेटची कड, इथे त्याला तोड नाही. त्याचा मोठा अवगुण म्हणजे पेट्रोल. पेट्रोलात सिलिकॉन फुगतो आणि मऊ पडतो. त्यामुळे टूस्ट्रोकचं चेंबर आणि कार्बोरेटर या दोन ठिकाणी तो वापरणं सरळ सरळ चूक आहे.

आणि त्याच्यामुळे होणारी सर्वांत मोठी हानी बाहेरून दिसत नाही. कव्हर आवळल्यावर ट्यूबमधला जेवढा माल बाहेर येताना दिसतो, साधारण तेवढाच आतही येतो. बाहेरचा आपण बोटानं पुसतो. आतला वाळून रबराची दोरी होते, गरम तेलात एक दिवस सुटते, आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. स्प्लेंडरच्या घराण्यात ती जाळी क्लच साइडला चेंबरच्या तळाशी, सरकवून काढता येण्याजोगी असते. फुल इंजिनसाठी आलेल्या गाडीची ती जाळी पाहावी. लाल-काळे तुकडे चिकटलेले दिसले की आधीच्या हाताची सगळी हकीकत कळते. पुढे गेलेला तुकडा तेलाच्या बारीक वाटेत अडकतो, आणि तिथून पुढचं वर सांगितलंच आहे. थराची जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या सलग दोऱ्याएवढी पुरते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं फिरवलेली. पिळून भरलेली ट्यूब ही काळजी नसते, तो निष्काळजीपणाच असतो, हे गिऱ्हाइकांनीही समजून घ्यायला हवं. कारण 'मेस्त्री, भरपूर लावा हं' असं तेच सांगत असतात.

तिसरं घराणं ॲनेरोबिक द्रवांचं. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली हा धंदा सुरू केला आणि त्यातून लॉकटाइट हे नाव पुढे आलं. हा द्रव हवेत कितीही वेळ ठेवला तरी द्रवच राहतो. दोन धातूंच्या मध्ये, हवा तुटली आणि धातूचा स्पर्श मिळाला, की घट्ट होतो. यंत्रावर नीट कापलेल्या, ताठ, जाड, धातूवर धातू बसणाऱ्या सांध्यांसाठी हा जणू बेतलेला आहे. आत गेलेला जास्तीचा माल वाळत नाही, तेलात मिसळून जातो. जाळी बुजत नाही. मात्र पाव मिलिमीटरपेक्षा मोठी फट त्याला भरता येत नाही, आणि तेलकट पृष्ठभागावर तो पकडत नाही. आपल्या गल्लीतल्या गॅरेजांत तो फारसा दिसत नाही. महाग आहे, आणि त्याच्यासाठी पृष्ठभाग खरोखर स्वच्छ करावा लागतो.

चौथा, निळसर रंगाचा हायलोमार, रोल्स-रॉइसच्या विमानांच्या जेट इंजिनांसाठी तयार झालेला. तो कधी कडक होतच नाही; चिकट राहतो. बुलेटच्या जाणकारांना तो प्रिय आहे. मिळाला तर घ्यावा.

*

बुलेटचं नाव निघालं की तेलाच्या डागाचं नाव निघतंच. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळणी सुरू झालेली ही इंग्लंडची गाडी, ३४६ सीसी, बोअर ७० आणि स्ट्रोक ९०. चेंबर उभं दुभंगलेलं, दोन अर्ध्यांमध्ये कागद नाही, फक्त जॉइंटिंग कंपाउंड. तिच्याखाली पुठ्ठा ठेवायचा हे अनेक घरांत ठरलेलंच होतं. सत्तरच्या दशकात ब्रिटिश गाड्यांची जी नाचक्की झाली, तिचं एक कारण हेच. १९६९ साली होंडाची सीबी ७५० आली; तिचं चेंबर आडवं दुभंगलेलं होतं, आणि ती तेल गळत नव्हती. तेव्हापासून उभं दुभंगलेलं चेंबर म्हणजे गळकं, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. स्प्लेंडरचं चेंबरही उभंच दुभंगतं, आणि ती लाखोंनी कोरडी धावते आहे. फरक पडतो कापणीच्या अचूकपणानं, आणि बुलेटच्या बाबतीत आणखी एका गोष्टीनं : श्वासानं.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा कुठेतरी जायला हवी. बुलेटमध्ये दर फेऱ्याला ३४६ सीसी हवा दाबली जाते आणि सुटते. ती बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो, त्यात एकेरी झडप. ती झडप कडक झाली, नळी मळीनं बुजली, किंवा घासलेल्या रिंगांमधून खाली येणारा गॅस वाढला, की चेंबरमध्ये दाब साठतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकललं जातं. मग लोक पॅकिंग बदलतात, पुन्हा बदलतात, ट्यूब वाढवतात, शेवटी 'बुलेट आहे, गळणारच' म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं असं, की दोनापेक्षा जास्त सांधे एकाच वेळी गळत असतील तर पॅकिंगला हात लावूच नये. आधी ब्रीदर पाहावा, मग कॉम्प्रेशन.

टूस्ट्रोकमध्ये गळतीचा अर्थच बदलतो. तिथे चेंबर हा पंप आहे : वर जाणारा पिस्टन चेंबरमध्ये हवा-पेट्रोल ओढतो, खाली येताना ते दाबून वर पाठवतो. सांधा किंवा क्रँकचं ऑइल सील किंचितही गळलं, तर बाहेरची कोरी हवा आत ओढली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी, म्हणून जळणं जास्त गरम; आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी. पिस्टन चिकटतो. जमिनीवर डाग पडत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. नवं बोअर-किट टाकलं जातं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. आयडलला गाडी आपोआप रेस होणं, थ्रॉटल सोडल्यावर आवाज उशिरा खाली येणं, ही याची लक्षणं.

याची तपासणी इतकी सोपी आहे, की ती आपल्या गॅरेजांत रूढ का झाली नाही याचं मला वाईट वाटतं. इंजिन बांधून झालं, की इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचानं बंद करायचे आणि आत थोडा दाब भरायचा. जगभरचे टूस्ट्रोकवाले सुमारे ६ पीएसआय भरतात. त्यासाठी महागडं यंत्र नको. डॉक्टरांचं रक्तदाब मोजायचं जुनं साधन पुरतं. त्याच्यावरचे ३०० मिलिमीटर म्हणजे ५.८ पीएसआय. रबरी फुगा दाबून काटा तिथे न्यायचा आणि थांबायचं. मिनिटाला एक पीएसआयहून, म्हणजे त्या काट्यावर पन्नासेक मिलिमीटरहून जास्त उतरला, तर सांध्यांवर आणि सीलवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे जागा दाखवतात. इंजिन फ्रेममध्ये चढवण्यापूर्वी हे केलं तर एक पिस्टन वाचतो, आणि आरएक्सचा मूळ पिस्टन आज सहज मिळत नाही.

हेड पॅकिंगबद्दल थोडक्यात. तिथे जळत्या गॅसचा दाब असतो. ट्यूबमधल्या कुठल्याही मालाचं तिथे काम नाही. जुनं तांब्याचं पॅकिंग पुन्हा वापरायचं तर ते लालबुंद तापवून पाण्यात विझवायचं, म्हणजे दाबून कडक झालेलं तांबं मऊ होतं आणि वरची काजळीही सुटते. नव्या गाड्यांत पोलादाच्या पातळ पदरांचं पॅकिंग येतं. ते फार गुळगुळीत पृष्ठभाग मागतं, पॉलिश पेपरनं आडवेतिडवे घासलेलं हेड त्याला चालत नाही.

पण हेड पॅकिंगविषयी एक गोष्ट घाईनं सांगून चालणार नाही. जुन्या गाड्यांच्या हेड आणि सायलेन्सर पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. युरोपीय संघानं २००५ साली त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे तशी सरसकट बंदी अजून नाही, जरी सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला होता. आणि गॅरेजमध्ये काय होतं? जुनं करडं पॅकिंग वायर ब्रशनं कोरडं खरवडलं जातं, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकलं जातं, आणि समोर हे काम शिकणारा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा बसलेला असतो. ते पॅकिंग ओलं करून काढा. फुंकू नका. कचरा पिशवीत बांधून टाका. यात एक पैसाही खर्च नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यायचं तर, सांधा उघडल्यावर पहिली नजर जुन्या पॅकिंगच्या अवशेषावर जावी. तिथे कागद होता का? होता तर किती जाड? बोल्टच्या भोकाशेजारचा, पुरता दाबलेला तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरला, की ती जाडी मिळते. कागदाचा अवशेष नसेल, तर आधीच्या हातानं तो काढला होता की कंपनीनं दिलाच नव्हता, हे पार्ट कॅटलॉगच्या चित्रावरून ठरतं. मग पृष्ठभाग. स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन पाहावं, ०.०५ मिलिमीटरची पात कुठे सरकत असेल, तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर थोडं तेल टाकून, कव्हर इंग्रजी आठाच्या आकारात घासावं. घासलेली जागा एकसारखी राखाडी झाली की थांबावं. चेंबरचे अर्धे मात्र असे घासू नयेत. तिथे अंतर बदलतं. ते काम सरफेस ग्राइंडिंगवाल्याचं, तेही मोजून. आटे गेलेले बोल्ट आधी दुरुस्त करावेत, कारण न आवळणाऱ्या बोल्टची कसर कुठलीच ट्यूब भरून काढत नाही. ६ मिलिमीटरच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात; टी-पान्यावर दोन्ही हातांनी लटकण्याचं काम नाही. आवळायचं समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत.

ही सगळी कामं वेळ खातात, आणि वेळेचा पैसा कुणी देत नाही. बिलावर पॅकिंग सेटची किंमत लिहिता येते, ट्यूबची लिहिता येते; दोन तास शांतपणे पृष्ठभाग साफ केला त्याची ओळ लिहिण्याची पद्धत आपल्याकडे नाही. गिऱ्हाईक बाकावर बसून सारखं विचारत असतं, 'मेस्त्री, अजून किती वेळ?' त्या बाकाचा दाब मेस्त्रींच्या हातात ट्यूब देतो. त्यात बाजारात नकली पॅकिंग सेट आहेत, ज्यांत जाडी एकसारखी नसते आणि एखादं भोकही सरकलेलं असतं. सेट विकत घेताना दुकानातच तो जुन्या पॅकिंगवर ठेवून पाहावा, भोकांतून उजेड आरपार दिसतो का ते बघावं. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

गाडी फुल इंजिनला द्यायची असेल, तर एक रात्र जास्त ठेवायची तयारी दाखवा, आणि ते मेस्त्रींना आधीच सांगा. 'उद्या नको, परवा द्या, पण जाळी मला दाखवा,' एवढं म्हटलं तरी कामाची चाल बदलते. निघालेली जुनी पॅकिंग मागून घ्या. जाडी लिहून, एका पाकिटात घालून, गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढचं इंजिन आठ-दहा वर्षांनी उघडेल, कदाचित दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी, आणि तेव्हा कंपनीचं पॅकिंग मिळत नसेल तर कापायला नमुना लागेल.